‘असो’च्या आधी

काही वर्षांपूर्वी मालवणच्या मासळीबाजारात माझ्यासोबत कोलकात्याचा एक मित्र होता. दुपार टळून गेलेली, बायका पाट्या आवरायच्या बेतात. मित्राला मराठी येत नाही आणि घाईत हिंदीही आठवत नाही. झाकलेल्या पाटीकडे बोट दाखवून त्याने सरळ बंगालीत विचारलं, ‘‘माछ आछे?’’ बाईने ओलं गोणपाट बाजूला सारलं आणि म्हणाली, ‘‘आसत.’’ पाच-सहा बांगडे निघाले, भाव ठरला, व्यवहार उरकला. यात काही नवल घडलं असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही. ते बांगडे चवीला कसे होते हे मला आज आठवत नाही. ‘माछ आछे’ आणि ‘मासे आसत’ ही जोडी मात्र डोक्यातून गेली नाही.

‘माछ’ आणि ‘मासा’ ही सख्खी भावंडं. संस्कृत ‘मत्स्य’, प्राकृत ‘मच्छ’, त्यापासून तिकडे माछ आणि इकडे मासा. मग ‘आछे’ आणि ‘आसत’ यांचं काय? तीही भावंडं, की नुसती चेहऱ्यामोहऱ्याने सारखी दिसणारी परकी माणसं? हे छोटं पुस्तक त्या प्रश्नामागे लागून झालं. त्याचा नायक एक प्राकृत क्रियापद आहे : ‘अच्छइ’.

एक गैरसमज आधीच दूर करतो, कारण पुस्तकाचा विषय सांगितला की दहातले आठजण हेच विचारतात. हिंदीतल्या ‘अच्छा’शी याचा काही संबंध नाही. तो ‘अच्छा’ संस्कृत ‘अच्छ’ म्हणजे निर्मळ, नितळ या विशेषणाचा. आपलं ‘अच्छइ’ हे क्रियापद, आणि त्याचा मूळ अर्थ बसतो, राहतो, थांबतो. पालीत ते ‘अच्छति’ या रूपात भेटतं, तिथेही अर्थ हाच. पुढे बसता बसता त्याचा अर्थ नुसता ‘असतो’ एवढाच उरला. क्रियापदांच्या नशिबी हे येतंच. जे फार वापरलं जातं ते झिजतं, आणि झिजलं की आणखी वापरलं जातं.

महाराष्ट्री प्राकृतात या क्रियापदाचं मला सर्वांत आवडणारं रूप आहे ‘अच्छउ’. हे आज्ञार्थाचं तृतीय पुरुषी एकवचन. शब्दशः अर्थ ‘राहो’. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीतली एक गाथा याच शब्दाने सुरू होते. तिचा भाव असा : तिच्या मुखाचं मोलाचं दर्शन तर राहोच बाजूला, तिच्या गावच्या शेताची हद्द नजरेला पडली तरी जीव सुखावतो. सातशे गाथांच्या त्या संग्रहात यापेक्षा कितीतरी धीट गाथा आहेत. पण प्रेमात पडलेल्या माणसाला गावाची वेसही कशी पुरते, हे इतक्या कमी शब्दांत सांगणारी दुसरी मला सापडलेली नाही. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली गाथासप्तशती मराठीत आणली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांनी माझं पुस्तक खाली ठेवून आधी ती वाचावी. परत आलात तर त्या गाथेतले दोन शब्द लक्षात ठेवून या. एक ‘अच्छउ’, आणि दुसरा ‘छेत्त’, म्हणजे शेत. त्या दोघांची गाठ पुढे पडणार आहे.

आता या ‘अच्छउ’चं मराठी कसं करायचं? ‘राहू दे’ म्हणता येईल. पण मराठी लिहिणाऱ्याच्या हाताशी याहून नेमका शब्द तयार आहे : ‘असो’. विषय बाजूला सारायचा, पुढे जायचं, आणि सारता सारता त्याचं मोलही सांगून जायचं. ज्ञानेश्वर उपमांची रास ओततात आणि मध्येच ‘हें असो’ म्हणून वळतात. त्यांच्यानंतर पत्रं लिहिणाऱ्यांनी, बखरकारांनी, कीर्तनकारांनी आणि अग्रलेख लिहिणाऱ्यांनी हा शब्द इतका वापरला की तो आपल्या गद्याचा श्वास होऊन बसला. हालाच्या कवीचा ‘अच्छउ’ जे काम करतो, तेच काम ज्ञानेश्वरांचा ‘असो’ करतो. मधल्या हजार-बाराशे वर्षांत काम तेच राहिलं आणि शब्द बदलला, असं दिसतं. पण शब्द खरंच बदलला का?

याचं उत्तर द्यायचं तर आधी ‘अच्छइ’ मुळात कुठून आलं ते पाहावं लागतं, आणि तिथे जुन्यानव्या पंडितांची चांगलीच खणाखणी आहे. वररुचीच्या नावावरच्या प्राकृतप्रकाशात शौरसेनीपुरता ‘अस्’ धातूच्या जागी ‘अच्छ’ सांगितला आहे. बाराव्या शतकात अणहिलवाड पाटणला सिद्धराज जयसिंहाच्या आश्रयाने हेमचंद्राने व्याकरण रचलं, त्याच्या प्राकृतावरच्या आठव्या अध्यायात मात्र तो ‘आस्’ म्हणजे बसणे या धातूचा ‘अच्छ’ करतो. त्याने ‘आस्’ला पंगतीलाही कुणाच्या बसवलं आहे पाहा : गम्, इष्, यम्, आस्. गच्छइ, इच्छइ, जच्छइ, अच्छइ. पहिल्या तिघांचं संस्कृतातच गच्छति, इच्छति, यच्छति होतं. चौथ्याचं संस्कृतात असं काही होत नाही. हेमचंद्राला कानाने एक घराणं जाणवलं आणि त्याने चौथ्याला त्यात दत्तक घेतलं.

गंमत अशी की एकोणिसाव्या शतकातले काही युरोपीय अभ्यासक फिरून याच वाटेने आले. गच्छति-इच्छतिमधला हा ‘च्छ’ जुन्या भारत-युरोपीय काळातला एक प्रत्यय आहे. तोच ‘अस्’ला लागून हे रूप झालं असावं, असं त्यांनी मांडलं. साक्षीला लॅटिनमधला ‘एस्किट्’ आणला. रोमनांच्या बारा फलकांच्या कायद्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, हे ‘असणे’चं रूप आलेलं आहे. हेमचंद्राला लॅटिन ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. नुसत्या कानावर माणूस किती दूर जाऊ शकतो, त्याचा हा नमुना.

रिचर्ड पिशेलने १९०० साली प्राकृत भाषांचं जे थोरलं व्याकरण छापलं, त्यात त्याचा कल ‘ऋच्छति’कडे आहे. प्राकृताच्या कुठल्याही प्रश्नाला पिशेलचं दार ठोठावूनच पुढे जावं लागतं. कोलकाता विद्यापीठाच्या निमंत्रणावरून प्राकृतावर व्याख्यानं द्यायला तो जन्मात पहिल्यांदा हिंदुस्थानात आला आणि डिसेंबर १९०८मध्ये मद्रासलाच वारला. ती व्याख्यानं झालीच नाहीत. त्याच्याबद्दल मला पराकोटीचा आदर आहे, तरी ही व्युत्पत्ती माझ्या गळी उतरत नाही. ध्वनी चपखल बसतात, अर्थ बसत नाही. ‘ऋच्छति’ म्हणजे जाऊन गाठतो, भिडतो. गाठायला निघालेला माणूस वाटेत बसला कधी आणि कशासाठी, हे कुणी सांगितलेलं नाही.

मग राल्फ टर्नर आला. बनारसला शिकवणारा हा तरुण प्राध्यापक पहिल्या महायुद्धात गुरखा पलटणीत अधिकारी झाला, आणि ज्यांच्या भाषेत ‘आहे’ला ‘छ’ म्हणतात अशा शिपायांमध्ये राहिला. १९३१ साली त्याने नेपाळी भाषेचा तौलनिक कोश काढला आणि १९३६ साली आपल्या या क्रियापदावर स्वतंत्र लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की ‘अच्छइ’च्या मुळाशी वेदातला ‘आ-क्षेति’ आहे. ‘क्षि’ म्हणजे राहणे, वस्ती करणे. त्याच धातूपासून क्षिती आणि त्याच धातूपासून क्षेत्र. इथे अर्थाची ओढाताण नाही. वस्ती करणारा बसतो, बसलेला राहतो, राहिलेला असतो.

टर्नरचं खरं धरलं तर हालाच्या त्या गाथेत एक मजा होते. पूर्वार्धात ‘अच्छउ’ आणि उत्तरार्धात ‘छेत्त’ ही एकाच धातूची दोन लेकरं दोन ओळींच्या अंतरावर उभी आहेत आणि एकमेकांना ओळखत नाहीत. कवीलाही त्याचा पत्ता नाही. माझा कौल टर्नरला आहे. हा कौल देताना ती गाथा माझ्या मनात नव्हती असं मात्र छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

मूळ कोणतंही माना, हे क्रियापद इतकं बोकाळलं का, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर हेमचंद्रच देतो, पण दुसऱ्या ठिकाणी. प्राकृतात संस्कृत ‘अस्ति’चं ‘अत्थि’ झालं आणि ते गोठलं. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते : सगळ्यांना एकच ‘अत्थि’ चालायला लागलं. आपलं ‘पाहिजे’ जसं ताठ उभं असतं तसं. मला पाहिजे, त्यांना पाहिजे, ते कुणासाठी वाकत नाही. अशा क्रियापदाने ‘आहे’ सांगता येतं, पण ‘असत जा’, ‘असशील’, ‘असू दे’ हा सगळा संसार कोण चालवणार? तिथे हिंडताफिरता, सगळे प्रत्यय घेणारा ‘अच्छ’ कामाला आला. घरातला म्हातारा देवघराच्या कोपऱ्यात बसून राहिला आणि पुतण्याने दुकान सांभाळलं, असा हा प्रकार.

अपभ्रंशापर्यंत तर दुकान पुरतं त्याच्याच नावावर झालं. हेमचंद्राने अपभ्रंशाच्या प्रकरणात एक दोहा दिला आहे, तोही ‘होसइ’ म्हणजे ‘होईल’ या भविष्यकाळाचा नमुना म्हणून. अर्थ साधा आहे : दिवस झपाट्याने सरतात, मनोरथ मागे पडतात, आहे ते भोगून घे, ‘होईल होईल’ करत बसू नको. यात आपलं क्रियापद दोनदा आलं आहे. एकदा ‘अच्छइ’, जे आहे ते. आणि दुसऱ्यांदा ‘अच्छि’, तेही ‘करतु’ या रूपाला जोडून. ‘करतु’ म्हणजे आपलं ‘करत’. पहिल्या जागी ते नुसतं अस्तित्व सांगतं, दुसऱ्या जागी दुसऱ्या क्रियापदाचं शेपूट होऊन ती क्रिया चालू ठेवतं. अख्खा इतिहास एका दोह्यात मावला आहे, आणि दोहा उद्धृत करणाऱ्याचं लक्ष तिसऱ्याच शब्दाकडे होतं.

वर अर्थ सांगताना मी ‘करत बसू नको’ लिहिलं ते मुद्दाम नव्हे. मराठीत दुसरं काही सुचतच नाही. बसणे, राहणे या क्रियापदांना ही सवय सगळीकडे असते. नागपूरच्या माणसाला फोन लावा. तो म्हणेल, ‘‘काय करून राहिला बे?’’ पुण्याची माणसं या ‘करून राहिला’ला हसतात. हसू नये. तिथे आज ‘राहणे’ हे क्रियापद तेच करतं आहे जे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी ‘अच्छइ’ने केलं. हिंदीच्या ‘कर रहा है’मध्ये ते होऊन गेलं, वऱ्हाडात आपल्या देखत चालू आहे.

अपभ्रंशानंतर ‘अच्छ’ हिंदुस्थानभर पांगला. गुजरातीने त्याचा पुढचा ‘अ’ टाकला आणि ‘छइ’वरून ‘छे’वर आली. जयपूरकडची ढुंढाडी आणि कोट्याकडची हाडौती ‘छै’ म्हणतात, गढवाल-कुमाऊंपासून काठमांडूपर्यंत ‘छ’ आहे, काश्मिरात ‘छु’. मैथिलीत आणि ओडियात ‘अछि’. बंगालीचा ‘आछे’ तर जुन्या चर्यापदांतही भेटतो. हरप्रसाद शास्त्रींना १९०७ साली नेपाळात सापडलेल्या त्या पोथीत ‘अच्छिलेसु’ म्हणजे ‘होतो’ असं रूप आहे, आणि त्यातल्या ‘ल’कडे पाहून मराठी माणसाला आपला ‘गेला-आला’ आठवल्याशिवाय राहत नाही.

या यादीत आपलं नाव नाही. काश्मीरपासून आसामपर्यंत आणि खाली गुजरातेपर्यंत ‘छ’चं राज्य, आणि ज्या भाषेच्या नावातच महाराष्ट्र आहे त्या प्राकृतात हा शब्द इतका रुळलेला असताना महाराष्ट्रात त्याचा मागमूस नाही? माझी बरीच वर्षं या भ्रमात गेली. शाळेत शिकलो होतो की मराठी ‘असणे’ म्हणजे संस्कृत ‘अस्’. त्यावर शंका घ्यायचं कारणही नव्हतं, ‘अस’ डोळ्यांना दिसतच होता. मालवणच्या त्या बाईने ‘आसत’ म्हटलं नसतं तर ती शंका आलीही नसती.

प्राकृताच्या ‘च्छ’चं मराठीत काय होतं ते पाहा. मच्छचा मासा झाला. मच्छिआची माशी झाली. कच्छवाचं कासव, उच्छूचा ऊस. पुच्छइचं पुसणे; गुजराती अजून ‘पूछवुं’ म्हणते आणि आपण वाट पुसतो. शब्दारंभीच्या ‘छ’चीही हीच गत : छुरीची सुरी, छणाचा सण, आणि छेत्ताचं शेत. शेजारच्या भाषांनी जिथे ‘छ’ राखला तिथे मराठीने ‘स’ किंवा ‘श’ केला. हे एखाददुसऱ्या शब्दात झालेलं नाही, ही या भाषेची खोड आहे. मग याच हिशेबाने ‘अच्छइ’चं मराठीत काय व्हायला हवं? ‘असे’. आणि ‘अच्छउ’चं? करउचं करो झालं, मरउचं मरो झालं, अच्छउचं ‘असो’.

म्हणजे शब्द बदललाच नव्हता. निदान मी तरी तसं मानतो.

याला साक्षीदार हवा असेल तर आसामात जावं. असमिया लिहिताना ‘आछे’ लिहिते, अगदी बंगालीसारखं, आणि बोलताना ‘आसे’ म्हणते. माशाला लिहिते ‘माछ’, म्हणते ‘मास’. मराठीने जे शतकांपूर्वी करून टाकलं ते तिथे कागद आणि ओठ यांच्या मधल्या फटीत अजून दिसतं.

या मताला विरोध आहे आणि तो लटका नाही. जोडाक्षर सुटं झालं की मराठीत मागचा स्वर लांबतो. मच्छचा मसा होत नाही, मासा होतो. कच्छवाचं कसव होत नाही. मग ‘अच्छइ’चं ‘आसणे’ व्हायला हवं, ‘असणे’ कसं झालं? याला माझं उत्तर दोन तुकड्यांत आहे. एक, कोकणात ते झालेलंच आहे. ‘घरात कोण आसा?’, ‘कसो आसस?’ यातला ‘आ’ चांगला लांब आहे, गोव्यातही तो तसाच आहे. दोन, घाटावर हे क्रियापद दुसऱ्या क्रियापदाच्या मागे लागून लागून आखडलं. लीळाचरित्रातली ‘असे’, ‘असति’ ही रूपं पाहिली तर तेराव्या शतकातच ते ऱ्हस्व झालेलं दिसतं. गुजरातीने तर तो स्वर पुरता गिळून टाकला, आपण नुसता आखडला.

विरोधक यावरही गप्प बसणार नाहीत. ते म्हणतील, कोकणातला ‘आ’ संस्कृत ‘आस्ते’चा, ‘आ’ही मुळातला आणि ‘स’ही मुळातला, मधे ‘च्छ’ची वळसेगाठ हवी कशाला? ध्वनींच्या पातळीवर या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मी एवढंच दाखवू शकतो की ‘अस्’चा सरळ वारस जुन्या मराठीत वेगळाच नांदत होता. अत्थिपासून आलेला ‘आथि’ ज्ञानेश्वरीत भेटतो, आणि पुढे तो मेला. आणि विषय बाजूला सारण्याची ती लकब, जी हालाच्या गाथेत ‘अच्छउ’ला आहे, तीच जशीच्या तशी ‘असो’ला आहे. पदर सारखा असला म्हणून साडी तीच असं होत नाही, हे मला कळतं. पण पदराची वीण, काठ आणि रफू केलेली जागाही तीच निघाली, तर मी तरी साडी तीच म्हणेन. पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात दोन्ही पक्ष मांडले आहेत. वाचकाने माझ्या बाजूने कौल द्यावा अशी अट नाही.

‘आहे’ या रूपाचं काय, असं कुणी विचारील. तो वाद वेगळा आणि फार गुंतागुंतीचा आहे. त्यात शिरलो तर हे पुस्तक दुप्पट झालं असतं आणि विकलं निम्मं गेलं असतं. म्हणून असो.

शेवटच्या प्रकरणाबद्दल दोन शब्द. ‘अच्छइ’चा बसणे-राहणे हा मूळ अर्थ इथल्या बहुतेक भाषांत पुसला गेला, पण तो जपला हिंदुस्थान सोडून गेलेल्यांनी. युरोपभर पसरलेल्या रोमा लोकांच्या भाषेत ‘अछ्’ म्हणजे आजही राहणे, थांबणे. निरोप घेताना जाणारा माणूस मागे राहणाऱ्याला म्हणतो ‘अछ देव्लेसा’, देवासोबत राहा. आणि राहणारा जाणाऱ्याला म्हणतो ‘जा देव्लेसा’. ‘जा’ला तर भाषांतरही नको. आपल्याकडे जाणारा माणूस ‘येतो’ म्हणतो आणि घरातली माणसं ‘या’ म्हणतात, कारण ‘जा’ म्हणायचं नसतं. त्यांनी ‘जा’ ठेवला, सोबत देव दिला.

हे पुस्तक भाषाशास्त्राच्या पदवीधरांसाठी लिहिलेलं नाही. त्यांना यातलं निम्मं ठाऊक असेल आणि उरलेलं निम्मं पटणार नाही. ज्यांना आपल्या तोंडातल्या शब्दाकडे मधूनच चमकून पाहण्याची सवय आहे, त्यांच्यासाठी ते आहे. पुस्तकाला एक उणीव आहे, ती आधीच सांगतो. कोकण, गोवा आणि विदर्भ इथली रूपं मी कानाने टिपली, पण खानदेश, मराठवाडा, चंदगड-बेळगावचा पट्टा आणि तंजावरची मराठी इथे माझी पोच कमी पडली. तुमच्या घरात आजी ‘असो’च्या जागी दुसरं काही म्हणत असेल, ‘असतो’चा ‘अ’ लांबवत असेल, किंवा ‘स’च्या जागी वेगळाच काही आवाज काढत असेल, तर ते वाक्य जसं ऐकलं तसं, गावाच्या नावासह, एका पोस्टकार्डावर लिहून प्रकाशकांच्या पत्त्यावर पाठवा. शुद्धलेखन सुधारू नका.